अश्वशक्तीचा हिशेब : भोईवाड्यातल्या गाळ्यात बांधलेला डायनामोमीटर

गाडीचे मायलेज प्रत्येक मालकाला तोंडपाठ असते. ‘किती देते?’ असे कोणी विचारले की उत्तर तयार. पण त्याच मालकाला ‘तुमच्या गाडीची ताकद आज किती आहे?’ असे विचारून पाहा. तो माहितीपत्रकातला आकडा सांगेल. तो आकडा नव्या इंजिनाचा असतो, प्रयोगशाळेत चाचणीच्या बाकावर मोजलेला असतो. दहा वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर धावल्यावर त्यातले किती उरले आणि चाकापर्यंत किती पोचते, हे त्याला ठाऊक नसते आणि गॅरेजवाल्यालाही नसते. मग अंदाजाचा कारभार सुरू होतो. ‘पिकअप गेलाय’, ‘इंजिन बसलंय’, ‘दम राहिला नाही’ अशी निदाने होतात आणि त्यांच्या आधारावर हजारो रुपयांची कामे निघतात.

गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राला डायनामोमीटर म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘डायनो’. तयार यंत्र लाखांच्या घरात जाते. परळ आणि नायगावच्या मधल्या भोईवाड्यात, तळमजल्यावरच्या आमच्या गाळ्यात मी असे एक यंत्र दुचाकींसाठी बांधले आहे. गाळ्यातली व्हाइस आणि निम्म्या फायली वडिलांच्या. ते गिरणीत फिटर होते. मी स्वतः कारखान्यांच्या देखभाल विभागात तीस वर्षे काढली. हे यंत्र कसे चालते, त्यातून येणारा आकडा कितपत खरा मानावा आणि असे यंत्र बांधताना जिवाला काय जपावे लागते, ते या लेखात सांगायचे आहे. सगळ्या लेखाचे सार एका वाक्यात असे : शक्तीचा आकडा कुठे, कधी आणि कसा मोजला हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

घोडा आणि भोई

मुंबईत भोईवाडे दोन. एक भुलेश्वरचा, दुसरा आमचा परळचा. नावातले भोई म्हणजे पालख्या-मेणे खांद्यावर वाहणारे. शक्तीचा विचार करायला हे नाव सोयीचे आहे, कारण जेम्स वॉटने आपले वाफेचे इंजिन विकताना असाच विचार केला होता. गिऱ्हाइकाला घोडे माहीत होते, म्हणून त्याने इंजिनाची तुलना घोड्याशी केली. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलले की एक अश्वशक्ती, हे त्याने ठरवले. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत जे ‘पीएस’ दिसते ती मेट्रिक अश्वशक्ती. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, म्हणजेच सुमारे ७३५ वॉट.

दिवसभर टिकून काम करणाऱ्या माणसाची ताकद साधारण ७५ वॉट धरतात. म्हणजे एक अश्वशक्ती जवळपास दहा भोई. रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणाऱ्या ९७.२ सीसीच्या हीरो स्प्लेंडरची नोंदलेली शक्ती ८.०२ पीएस आहे. पायाखालच्या त्या छोट्याशा इंजिनात ऐंशी भोयांची पालखी आहे असे समजायला हरकत नाही.

शक्ती थेट मोजता येत नाही, ही पहिली अडचण. मोजता येतात त्या दोन वेगळ्या गोष्टी : पीळ आणि वेग. घट्ट बसलेल्या नटाला पाना लावून आपण जोर करतो तेव्हा पीळ देत असतो. त्यालाच इंजिनाच्या भाषेत टॉर्क म्हणतात. नट हललाच नाही तर घाम येतो, पीळही असतो, पण शक्ती शून्य. नट फिरू लागला की पीळ गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे शक्ती. म्हणून कोणत्याही डायनामोमीटरला दोन कामे करावी लागतात. इंजिनाला विरोध करून त्याचा पीळ ओळखायचा आणि त्याच क्षणी वेग मोजायचा.

दोरी, पाणी आणि उष्णता

विरोध करण्याची सर्वांत जुनी युक्ती ब्रेकची. फ्रान्समधला अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळले आणि त्या ठोकळ्यांना लांब दांडी जोडली. दांडा ठोकळ्यांना आपल्याबरोबर फिरवू पाहतो, दांडीच्या टोकाची वजने त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. वजन आणि दांडीची लांबी यांवरून पीळ कळतो. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दातला ब्रेक तो हाच.

महाराष्ट्रात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या कोणालाही याचे एक भावंड आठवत असेल. प्रयोगशाळेत एक सिलिंडरचे डिझेल इंजिन, त्याच्या ब्रेक-ड्रमभोवती गुंडाळलेली दोरी, दोरीच्या एका टोकाला ताणकाटा आणि दुसऱ्याला वजने. आमच्या बाजूची जुनी संस्था म्हणजे व्हीजेटीआय. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आली. अशा संस्थांमधून आणि आयटीआयमधून शिकलेल्या पिढ्यांनी हा परिसर चालवला.

त्या ब्रेक-ड्रमच्या आतल्या खोबणीत पाणी ओतत राहावे लागे. कारण सोपे आहे. इंजिनाची सगळी शक्ती दोरीच्या घर्षणात जाते आणि तिची उष्णता होते. चार किलोवॅटचे छोटे इंजिन एका मिनिटात २४० किलोज्यूल उष्णता देते. तेवढ्यात ३० अंशांचे लिटरभर पाणी ८७ अंशांपर्यंत तापते. मोठ्या इंजिनांसाठी दोरी निरुपयोगी. म्हणून विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्यातच फिरणारा ब्रेक तयार केला. पाणीच विरोध करते आणि तेच उष्णता वाहून नेते. पुढे विजेच्या भोवरप्रवाहांचे ब्रेक आले. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, वाहनांच्या चाचण्या करते. तिथली यंत्रे या घराण्यातलीच, पण अत्यंत प्रगत.

याच इतिहासात आपल्या विषयाचा गाभा दडलेला आहे. गिरणगावातल्या गिरण्या वाफेवर चालत तेव्हा इंजिनाची ताकद ‘इंडिकेटर’ नावाच्या उपकरणाने काढत. ते सिलिंडरमधल्या वाफेच्या दाबाचा आलेख काढी. त्यावरून मिळे ती सिलिंडरच्या आतली शक्ती. ब्रेक लावून मोजली तर मिळे ती दांड्यावरची शक्ती आणि ती नेहमीच कमी भरे. मधला फरक इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणाने खाल्लेला असे. इंजिन एकच, आकडे दोन आणि दोन्ही खरे. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली आणि इंजिनखान्यांचे दिवस सरत गेले. ‘कुठे मोजले?’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

विरोधाऐवजी जडत्व

घरच्या गाळ्यात पाण्याचा ब्रेक बसवायचा तर टाकी, पंप, थंड करण्याची सोय आणि पीळ मोजणारा नेमका काटा हवा. त्याऐवजी मी दुसरी वाट धरली. ती अशी : गाडीच्या मागच्या चाकाखाली एक जड पोलादी ड्रम ठेवायचा आणि गाडीला तो फिरवू द्यायचा. ब्रेक लावायचाच नाही. जड ड्रम सहजासहजी वेग घेत नाही. त्याचे हे न हलण्याचे खोडसाळपण, म्हणजे जडत्व, हाच विरोध. ड्रमचे जडत्व एकदा अचूक माहीत असले की तो किती झपाट्याने वेग घेतो एवढेच मोजायचे. जडत्व गुणिले वेगवाढीचा दर म्हणजे पीळ, आणि पीळ गुणिले वेग म्हणजे शक्ती. ताणकाटा नको, पाणी नको. फक्त एक जड चाक आणि एक चांगले घड्याळ.

माझ्या ड्रमचा बाहेरचा व्यास ४०० मिलिमीटर, लांबी ५०० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २५ मिलिमीटर. रे रोडजवळचा दारूखाना हा जहाजे तोडण्याचा आणि भंगार पोलादाचा जुना बाजार. तिथे जाड नळीचा तुकडा आणि ५० मिलिमीटरचा दांडा मिळाला. दोन्ही टोकांना २० मिलिमीटर जाडीच्या चकत्या वेल्ड केल्या, दांडा बसवला आणि मगच सगळा ड्रम मोठ्या लेथवर एका बैठकीत बाहेरून खरादला. हा क्रम महत्त्वाचा. आधी खरादून मग वेल्डिंग केले तर उष्णतेने ड्रम वाकडा होतो. दोन्ही बाजूंना यूसीपी २१० जातीचे पेडेस्टल बेअरिंग, खाली चॅनेलची चौकट आणि ती काँक्रीटच्या जमिनीत बोल्टने पक्की. असे यंत्र तळमजल्यावरच शोभते. चाळीच्या वरच्या मजल्यावरच्या लाकडी तुळयांवर त्याचा विचारही करू नये.

ड्रमचे वजन सगळे मिळून सुमारे १६० किलो. पण गाडीला ते १६० किलो भासत नाही. कडेला असलेले पोलाद जास्त विरोध करते आणि मध्याजवळचे कमी. सगळा हिशेब केला की ड्रमच्या पृष्ठभागावर गाडीला जवळपास ११४ किलोंचा बोजा ढकलल्यासारखे वाटते. छोट्या दुचाकीला तो योग्य आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की तळापासून वरपर्यंत पोचायला साधारण पाच सेकंद लागतात. ड्रम फार हलका असता तर फेरी दोन सेकंदांत संपली असती आणि मोजायला काही उरले नसते. फार जड असता तर इंजिन उगाच तापले असते.

कागदावरचा आकडा तपासणे

नळीची मापे सूत्रात घातली की जडत्व ४.५५ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. पण वेल्डिंगचा धातू, कॉलर, सेन्सरची चकती हे त्या सूत्रात नसते. यंत्राचा प्रत्येक निकाल याच एका संख्येने गुणला जाणार असल्याने ती स्वतंत्रपणे तपासणे भाग आहे. त्यासाठीची परीक्षा शाळेतल्या प्रयोगशाळेला शोभणारी आहे. ड्रमभोवती बारीक दोरी गुंडाळायची, आढ्याला बांधलेल्या कप्पीवरून तिचे टोक घ्यायचे आणि त्याला वजन टांगायचे. आधी इतके लहान वजन शोधायचे की ड्रमला हलका धक्का दिल्यावर तो एकाच गतीने फिरत राहील, वेग घेणार नाही आणि मंदावणारही नाही. ते वजन बेअरिंग आणि कप्पी यांच्या घर्षणाची किंमत सांगते. माझ्याकडे ते ४०० ग्रॅम भरले.

मग त्याच्या जोडीला बरोबर १० किलो टांगायचे आणि दोन मीटर खाली यायला लागणारा वेळ मोजायचा. जडत्व ४.५५ असेल तर हा वेळ २.२५ सेकंद यायला हवा. दहा फेऱ्यांची सरासरी २.२७ आली. उलटा हिशेब केला की जडत्व ४.६४ निघते, म्हणजे कागदापेक्षा दोन टक्के जास्त. मी ४.६ धरतो. माझ्या यंत्राच्या कोणत्याही आकड्यात दीड-दोन टक्के इकडेतिकडे असणारच, असे हे दोन टक्के मला बजावतात.

तोल हा दुसरा भाग. ड्रमच्या कडेला एका बाजूला फक्त ५० ग्रॅम धातू जास्त असला तर ताशी ८० किलोमीटरला तो साडेबारा किलोंच्या जोराने बाहेर ओढतो आणि हा ओढा सेकंदाला जवळजवळ अठरा वेळा दिशा बदलतो. दोन समतल पट्ट्यांवर दांडा ठेवून जड बाजू खाली येते का, हे घरी पाहता येते. पण लांब ड्रमचा एका टोकाचा असमतोल दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूस असेल तर तो या पद्धतीत सापडत नाही. म्हणून शेवटी ड्रम मोटारींचे रोटर बॅलन्स करणाऱ्याकडेच न्यावा लागतो. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

घड्याळाची परीक्षा

ड्रमच्या दांड्यावर ६० भोकांची एक चकती आहे आणि तिच्यासमोर भोक गेले की विजेचा ठोका देणारा सेन्सर. सेन्सर आणि आर्डुइनोचा छोटा बोर्ड दोन्ही लॅमिंग्टन रोडवर मिळतात. बोर्ड दोन ठोक्यांमधला वेळ मोजतो. तो सेकंदाचे चार दशलक्षांश भाग ओळखतो, म्हणजे वरवर पाहता अचूकतेची चैनच आहे.

प्रत्यक्षात इथेच घरगुती यंत्रे फसतात. समजा ड्रम मिनिटाला ७६० फेऱ्यांनी फिरतो आहे. एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत वेगात होणारी वाढ ०.०२ टक्क्यांहूनही कमी असते. घड्याळाचा बारीकपणा मात्र ०.३ टक्के. म्हणजे ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा, तिच्यापेक्षा घड्याळाची चूक पंधरा-वीस पट मोठी. शेजारशेजारच्या ठोक्यांवरून आलेख काढला तर तो करवतीसारखा दिसतो आणि त्यातले सर्वांत उंच टोक पकडून कोणीही ‘बघा, दोन अश्वशक्ती वाढल्या’ म्हणू शकतो. शिवाय साठ भोकांमधली अंतरे हाताने पाडताना तंतोतंत सारखी येत नाहीत.

उपाय असा : वेळ एका भोकापासून पुन्हा त्याच भोकापर्यंत, म्हणजे पूर्ण फेरीचा घ्यायचा. भोकांच्या अंतरातला फरक आपोआप निघून जातो. आणि वेगवाढ अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यावर काढायची. उदाहरणार्थ, अर्ध्या सेकंदात ड्रम मिनिटाला ७३५ फेऱ्यांवरून ७८८ फेऱ्यांवर गेला. वेगवाढीचा दर सेकंदाला ११ रेडियन प्रतिसेकंद. त्याला ४.६ ने गुणले की पीळ ५०.६ न्यूटन-मीटर. सरासरी वेगाने गुणले की शक्ती सुमारे ४ किलोवॅट, म्हणजे साडेपाच पीएस. गणित एवढेच. पाचवीतल्या गुणाकाराने सुटणारे, पण मोजमापात मात्र संयम मागणारे.

आकडा चाकाचा की इंजिनाचा?

माझ्या ड्रमवरचा आकडा माहितीपत्रकापेक्षा नेहमीच कमी येतो. मालकांचे चेहरे पडतात. पण माहितीपत्रकातली शक्ती क्रँकवरची असते. ती क्लच, गिअरबॉक्स, चेन आणि टायर यांतून गाळत गाळत ड्रमवर येते. वेग घेताना गाडीचे स्वतःचे चाक आणि क्रँकही वेग घेत असतात. त्यांच्यात गेलेली शक्ती ड्रममध्ये दिसत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर गोल ड्रमवर तो रस्त्यापेक्षा जास्त चेपला जातो आणि आणखी शक्ती खातो. म्हणून प्रत्येक चाचणीआधी हवा तपासून सारखी करणे हा नियम आहे.

या गळतीचा काही भाग मोजता येतो. सर्वोच्च वेगाला क्लच दाबायचा आणि ड्रमला आपोआप मंदावू द्यायचे. किती झपाट्याने मंदावतो, त्यावरून टायर, चेन आणि बेअरिंग मिळून किती खातात ते कळते. पण भाराखाली गिअरबॉक्स किती खातो, हे त्यातून निघत नाही. म्हणून चाकावरच्या आकड्याला ठरावीक टक्के जोडून ‘इंजिनाची शक्ती’ छापण्याचा जो सरधोपट प्रकार चालतो, तो मी करत नाही. चाकावर मोजले, चाकावरचे लिहिले.

दुसरा हिशेब हवेचा. इंजिन हवा ओढते. हवा विरळ, गरम किंवा दमट असली तर सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत निकाल २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब यांवर आणून सांगतात. मुंबईतली मे महिन्यातली दुपार घ्या : ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. या हवेत मिळालेला आकडा १.०४ ने गुणावा लागतो. जानेवारीतल्या सकाळी २० अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर ०.९८ ने. म्हणजे तीच गाडी, काहीही न बदलता, जानेवारीत मेपेक्षा सहा टक्के जास्त ताकद दाखवते. आता विचार करा : कोणी मेमध्ये एकदा मोजले, पावसाळ्यानंतर महागडा एअर फिल्टर बसवला आणि जानेवारीत पुन्हा मोजले. सहा टक्क्यांची वाढ फिल्टरच्या नावावर जमा होईल. ती प्रत्यक्षात असते उत्तरेकडून येणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्याची.

एक निदान

या यंत्राचा खरा उपयोग मला जिथे पटला तो प्रसंग सांगतो. घरोघर पार्सल पोचवणारा आमच्या भागातला एक मुलगा शंभर सीसीची गाडी घेऊन आला. गाडी उड्डाणपुलाचा चढ घेत नव्हती. एका गॅरेजमध्ये त्याला ‘इंजिन खोलावे लागेल, बोअर करावा लागेल’ असे सांगितले होते. खर्च हजारांत आणि गाडी तीन-चार दिवस बंद. त्या दिवसांची कमाई गेली ती वेगळीच. त्याचे घर रोजच्या फेऱ्यांवर चालत होते.

ड्रमवर मी एक गोष्ट जास्त मोजतो. प्लगच्या वायरभोवती तार गुंडाळून इंजिनाचे फेरे आणि त्याच वेळी ड्रमचे फेरे. एका गिअरमध्ये या दोहोंचे गुणोत्तर दातांनी बांधलेले असते. ते बदलू शकत नाही. त्याच्या गाडीत तिसऱ्या गिअरला हलक्या अॅक्सिलरेटरवर ते ९.६ होते. पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर ते चढत चढत १०.४ वर गेले. इंजिन पळत होते, ड्रम मागे राहत होता. दातांच्या साखळीत घसरायला एकच जागा असते : क्लच. क्लच-प्लेट बदलल्या, काम काही शे रुपयांत आणि एका संध्याकाळी झाले. पुन्हा ड्रमवर घेतल्यावर गुणोत्तर पूर्ण भाराखालीही ९.६ राहिले आणि चाकावरची शक्ती आधीपेक्षा जवळपास सव्वापट झाली.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. निदान करायला शक्तीचा अचूक आकडा लागलाच नाही. माझे जडत्व दोन टक्क्यांनी चुकले असते, हवेची दुरुस्ती विसरलो असतो, तरी निष्कर्ष तोच निघाला असता. कारण तुलना त्याच गाडीची, त्याच संध्याकाळी, त्याच ड्रमवर झाली. घरगुती डायनामोमीटरचे बळ या तुलनेत आहे. ‘माझ्या गाडीची ताकद अमुक’ हे तो जेमतेम सांगतो; ‘आधी आणि नंतर’ यांतला फरक मात्र चोख सांगतो.

जिवाचा हिशेब

हा लेख वाचून कोणी ड्रम करायला घेणार असेल तर त्याने आधी हा भाग दोनदा वाचावा. ताशी ८० किलोमीटरला माझ्या ड्रममध्ये २८ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. तोच १६० किलोंचा ड्रम १८ मीटर उंचीवरून खाली टाकला तर जमिनीवर आदळताना त्यात एवढीच ऊर्जा असेल. शेजारच्या नायगावच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. ही उंची त्यांच्यापेक्षाही जास्त. म्हणून ड्रमभोवती जाड पत्र्याचे कवच, कवचाबाहेर फक्त टायरला टेकणारा भाग. ड्रमवर गाडीचा जुना डिस्क ब्रेक बसवला आहे, कारण नुसता सोडला तर तो आठ-दहा मिनिटे फिरत राहतो आणि तेवढ्या वेळात कोणाचा तरी हात, ओढणी किंवा सुटलेली नाडी जवळ जातेच. गाडीचे पुढचे चाक शिकंज्यात आणि मागचा भाग चार रॅचेट-पट्ट्यांनी बांधलेला असतो. टायरच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभे राहायचे नाही. टायरमधला खडा गोळीसारखा सुटतो.

त्याहून मोठा धोका दिसत नाही आणि वासही देत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. शटर ओढून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बंद गाळ्यात गाडी चालवणे म्हणजे आत्मघात. सायलेन्सरला जोडलेली नळी बाहेर मोकळ्या हवेत, उलट बाजूने आत हवा ढकलणारा मोठा पंखा आणि शटर पूर्ण उघडे. एवढे जमत नसेल तर चाचणी करूच नये. तोच पंखा उभ्या गाडीच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनालाही लागतो.

आणि आवाज. केईएम आणि टाटा ही रुग्णालये इथून हाकेच्या अंतरावर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. आमचा गाळा त्या रेषेबाहेर असला तरी सायलेन्सर काढून किंवा फटफट करणारा बसवून आलेली गाडी मी ड्रमवर घेत नाही. दिवसातून मोजक्या पाच-पाच सेकंदांच्या फेऱ्या, त्याही दुपारी. शेजारी शक्तिमापन सहन करतात ते याच बोलीवर.

निकाल कसा लिहावा

चाचणी झाल्यावर मी मालकाला जो कागद देतो त्यावर एकच ठळक आकडा नसतो. तिसरा गिअर, शक्ती चाकावरची, तापमान, आर्द्रता आणि दाब, टायरमधली हवा, तीन फेऱ्यांचे तिन्ही निकाल आणि त्यांची सरासरी, ड्रमचे जडत्व आणि त्यातली दोन टक्क्यांची शंका. एवढे सगळे लिहिल्यावर आकडा येतो. सुरुवातीला लोकांना हा पसारा नकोसा वाटतो. पण दुसऱ्यांदा येतात तेव्हा ते आधीचा कागद बरोबर आणतात. त्यांना तोच गिअर, तीच हवा आणि जमल्यास तोच दुपारचा वेळ हवा असतो.

अंदाज करणाऱ्या कारागिराला कमी लेखण्याचे कारण नाही. कानाने टॅपेट ओळखणारे आणि हाताने बेअरिंगचा ताप सांगणारे लोक या परिसराने घडवले. पण अंदाजाला गिऱ्हाईक उलट प्रश्न विचारू शकत नाही; मोजमापाला विचारू शकतो. ‘कुठे मोजले, कधी मोजले, कशाने मोजले?’ हे तीन प्रश्न इंजिनाच्या ताकदीला लागू आहेत, तसेच ते मायलेजच्या जाहिरातीला, पाण्याच्या मीटरला आणि रक्तदाबाच्या यंत्रालाही लागू आहेत. ज्याच्याकडे या तीन प्रश्नांची उत्तरे तयार आहेत, त्याचा आकडा दोन टक्क्यांनी चुकला तरी चालतो.